जपून ठेवलेला स्पर्श

निनाद सातपुतेच्या पोतडीत एकोणचाळीस अमृतकुप्या होत्या आणि साडेतीन वर्षांत त्यानं त्यातली एकही फोडली नव्हती. 'सप्तकोट' हा आभासी खेळ खेळणाऱ्यांना यातली गोम लगेच कळेल. मेलेल्या गड्याला उभं करणारी, चौघांच्या जखमा एका दमात बुजवणारी ही कुपी विकत मिळत नाही, बनवता येत नाही, फक्त कुठे कुठे सापडते. म्हणून पुढे याहून मोठा प्रसंग येईल या हिशेबानं माणूस ती ठेवून देतो. तो प्रसंग आला की त्याच्याही पुढचा दिसायला लागतो. आता सातव्या कोटाचं शेवटचं दार समोर होतं, त्याच्या पलीकडे खेळच संपत होता, तरी निनादचा हात काही पोतडीकडे वळत नव्हता.

रविवारची दुपार होती. इचलकरंजीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत निनाद हातमोजे चढवून, डोळ्यांवर चष्मा लावून बसला होता. शेजारी मागे कललेल्या चाकाच्या खुर्चीत त्याची मोठी बहीण केतकी होती. तिच्या हातांत मोजे नव्हते, कारण ते हात तिच्या कामाचे राहिले नव्हते. कानामागे चिकटवलेल्या एका चपट्या चकतीतून, समोरच्या भिंतीवरच्या पडद्याकडे बघत ती खेळत होती.

"अहो वैद्यबुवा," जोगळेकर काकांचा आवाज कानात आला, "आज तरी पोतडीची दोरी सैल करणार, की त्या कुप्यांचं लोणचं घालायचंय?"

काका रत्नागिरीचे, वय एकाहत्तर. जन्मभर नोकरीत वादळांच्या वाटा बघितल्या, आता खेळात मांत्रिक होऊन स्वतःच विजा पाडत होते. चौथा गडी प्रज्वल मेश्राम, नागपूरचा तिरंदाज. घरांवर सौर पट्ट्या बसवायचं त्याचं काम. या तिघांची मदार होती केतकीवर. ती ढालाईत. सगळ्यांच्या पुढे उभं राहून घाव झेलायचे, एवढंच तिचं काम, आणि ते चुकलं की बाकीच्यांचं कसब चुलीत.

आणि ते चुकत होतं. या दाराआड बसलेल्या तमासुरानं त्यांना आठ वेळा मारलं होतं.

"ताई, वाईट नका वाटून घेऊ," प्रज्वल म्हणाला. "आज जमलं तर उत्तमच. नाही तर पुढच्या रविवारी पुण्याचा एक ढालाईत येऊन राहिला. काकांशी पण बोललो मी."

"चालंल की," केतकी म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मग ती हळूच म्हणाली, "निन्या, आज स्पर्श चालू करणार न्हवं?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही. लहानपणापासनं तुझं असंच हाय."

चार वर्षांपूर्वी रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या पाल्यावरून केतकीची स्कूटर घसरली आणि मानेतला मणका चिरडला. मानेखाली हालचाल गेली, जाणीवही गेली. "तोंड तेवढं शाबूत राहिलंय," ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "म्हणजे हाल तुमचे."

पण तुटली होती ती वाट. गाव जागेवर होतं. आपल्या मेंदूच्या माथ्यावर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. पुढची शरीराला हुकूम देते, मागची शरीराकडून खबर घेते. मागच्या पट्टीत सगळं अंग नकाशासारखं मांडलेलं असतं. नकाशा मात्र मोठा पक्षपाती: सबंध पाठीला एखाद्या वाडीएवढी जागा आणि नुसत्या अंगठ्याला अख्खा तालुका. मान मोडली तरी हा नकाशा पुसला जात नाही, तिथे खबर येणं तेवढं थांबतं. मिरजेच्या डॉक्टरांनी केतकीच्या दोन्ही पट्ट्यांवर एकेक चिप बसवली. पुढची चिप तिचे हुकूम वाचायची, केतकीनं मनात हात उचलला की खेळातला हात उचलला जायचा. मागच्या चिपला केसाहून बारीक चौसष्ट टोकं होती. त्यातल्या एखाद्या टोकातून विजेचा नखभर ठोका दिला की तिला हाताच्या ठरावीक ठिकाणी कुणीतरी दाबल्यासारखं वाटायचं. खरा हात मांडीवर निपचित, आणि तळव्यात मात्र ढालीची मूठ.

गोची एकच होती. वाचायला काही लागत नाही, लिहायला लागतं. प्रत्येक ठोक्यागणिक टोकावरचा धातूचा लेप कणाकणानं झिजतो. लेप संपला की ते टोक संपलं, आणि मेंदूत त्याच जागी दुसऱ्यांदा चिप घालता येत नाही. डॉ. आसमा मुजावर यांनी हे समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "जपून वापरा."

हे दोन शब्द निनादनं काळजावर कोरून घेतले. स्पर्श सुरू करायचा तर परवानगीदाराचा अंगठा फोनवर लागायचा. केतकीचा अंगठा आपणहून उठत नव्हता, म्हणून अर्जावर नाव निनादचं लागलं. पहिल्या काही महिन्यांनंतर त्यानं खेळासाठी स्पर्श बंदच करून टाकला. खेळात कसला उधळायचा? काहीतरी महत्त्वाचं येईल, तेव्हा हाताशी असू दे. "महत्त्वाचं म्हणजे काय?" असं तिनं विचारलं की त्याला सांगता यायचं नाही. येईलच ना काहीतरी. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

तो कंजूष नव्हता. तिच्यासाठी पुण्याची नोकरी सोडून आला होता, तिला न्हाऊमाखू घालत होता, कूस बदलायला रात्री दोनदा उठत होता. त्याला भीती वाटायची, एवढंच. संपण्याची भीती. आणि भित्र्या माणसाच्या हातात किल्ल्या दिल्या की तो कुलूपच लावतो.

दार उघडलं.

व्यूह ठरलेला होता. पुढे केतकी, डाव्या हातात तिची कासवढाल, उजव्या हातात आखूड भाला. दहा पावलं मागे पांढऱ्या अंगरख्यातला वैद्य, निनाद. मोडक्या खांबावर चढून प्रज्वल. सगळ्यात मागे काका, कारण वीज पाडायच्या मंत्राला सात अंक मोजावे लागतात आणि तेवढ्यात कुणी धक्का दिला तर मंत्र फुकट. काकांनी गेल्या आठवड्यात आपली लाडकी सर्पमुद्रा मोडून शिशाचे जडशीळ जोडे घेतले होते. तमासुराच्या फुंकरीनं हलका माणूस उडतो, आणि मागच्या खेपेला काका छताला जाऊन चिकटले होते.

पहिले दोन डाव सुरेख झाले. प्रज्वलचे बाण गुडघ्याच्या सांध्यात बसत होते, काकांची वीज बरोब्बर सातव्या अंकाला पडत होती. तमासुराचं बळ निम्म्यावर आलं. मग त्यानं तोंड उघडून दालनातले सगळे दिवे गिळले.

इथेच ते दर वेळी मरत. या काळोखात तमासुर दिसत नाही, त्याची चाहूलही ऐकू येत नाही. घाव येण्याआधी फक्त ढालीला कंप सुटतो. पाऊण सेकंदानं घाव. त्या क्षणाला ढाल वर गेली तर घाव उलटून तमासुरावरच पडतो, नाही गेली तर सगळ्यांवर. खेळ करणाऱ्यांनी हा डाव हातात कंप जाणवणाऱ्या मोजेवाल्यांसाठी रचला होता. केतकी आठही वेळा अंदाजानं लढली होती.

पहिला घाव अंदाजानंच निभावला. दुसरा चुकला.

"मी गेलो ना भाऊ," खांबावरून पडलेला प्रज्वल ओरडला. "कुपी काढ. काय पाहून राहिला बे?"

निनादचा हात पोतडीत गेला, एका कुपीच्या गळ्याला लागला आणि तिथेच थांबला. एवढ्यात नको. अजून निम्मा तमासुर बाकी होता. त्यानं काकांच्या जखमेवर साधा लेप लावला.

"निन्या." केतकीचा आवाज खालच्या पट्टीत आला. "आज इथनं हरलो की पुढच्या रविवारी मी भिंतीकडं बघत बसणार. महत्त्वाचं तुला अजून काय पाहिजे सांग. चालू कर."

त्यानं एक मोजा काढला, चष्मा कपाळावर सरकवला, शेजारच्या फोनवर अंगठा टेकवला.

फोननं क्षणभर चाचपणी केली. मग पडद्यावर आलं: स्पर्श सुरू. प्रतिसाद देणारे बिंदू, नऊ.

निनादनं ते तीनदा वाचलं. चौसष्ट हवे होते. वापरलेच नव्हते, तर जाणार कुठे?

आणि मग त्याला ते पत्र आठवलं. सहा महिन्यांपूर्वी दवाखान्यातून सगळ्या रुग्णांना ई-मेलनं आलं होतं. लेप झिजतो हे खरंच, पण नव्यानं एक गोष्ट ध्यानात आली आहे. टोक निजून राहिलं की मेंदू त्याला परकी वस्तू समजून भोवती खपली धरतो, आणि खपली जाड झाली की ठोका पलीकडे पोचत नाही. रोज दहा मिनिटं हलका प्रवाह चालू ठेवला तर खपली धरत नाही. सगळे बिंदू ताबडतोब तपासून घ्यावेत.

त्यानं पत्र दोनदा वाचलं होतं. पण तपासणीलाही ठोके लागतात, ते कशाला घालवायचे? पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारू, असं त्यानं ठरवलं. पुढची भेट आईच्या मोतीबिंदूमुळे लांबली. पत्र मात्र त्यानं चांदणी लावून नीट ठेवून दिलं होतं.

"लागंना काही," केतकी म्हणाली. "चालू केलायस न्हवं?"

"केलंय." त्याच्या तोंडून आपसूक निघालं. "नेट अडकलंय बहुतेक."

किती सोपं होतं. तिनं ते लगेच खरं मानलं असतं. तिसरा घाव आला, केतकीची ढाल नशिबानं वर होती. काका अंधारात कुठेतरी अंक मोजत होते. हे असंच राहू दिलं तर यंत्र बिघडलं म्हणून ती यंत्राला दोष देणार, आणि सगळी माया त्याच्याच वाट्याला येणार. ती माया घेऊन त्याला रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहायचं होतं.

"ताई, नेट नाही अडकलेलं," तो म्हणाला. "बिंदू मेलेत. चौसष्टातले नऊ राहिलेत. बंद ठेवलं की मरतात, रोज वापरा, असं दवाखान्यानं कळवलं होतं. मी वापरू दिलं नाही."

काकांचं मोजणं थांबलं.

"कधी कळवलं होतं?"

"सहा महिने झाले."

चौथा घाव सगळ्यांवर कोसळला, केतकीवर सर्वांत जास्त. तिचं एक तृतीयांश बळ गेलं, कासवढालीची कड तडकली.

"सहा महिने," ती म्हणाली. "रोज विचारत होते मी तुला. रोज. तू मला नाही जपलंस निन्या, मशीन जपलंस."

त्याला रडू फुटलं. चष्म्याच्या काचा आतून धुरकटल्या. तो काही बोलणार तेवढ्यात तिचा आवाज बदलला. साडेतीन वर्षं चौघांना या कोटांतून पुढे नेणारा तो आवाज होता.

"रड मागनं. नऊ कुठले हाईत?"

त्यानं डोळे पुसून फोन जवळ घेतला. "सहा उजव्या अंगठ्याच्या बुडाशी. तीन उजव्या करंगळीला. डाव्या हाताचं काहीच नाही."

"मग ढाल उजव्या हातात घेते. मूठ अंगठ्याखाली दाबून धरते. भाला सुटणार. भाला कोण घेतंय?"

"मांत्रिकाचा हात लोखंडाला भाजतो," काका म्हणाले. "प्रज्वल तर आडवा आहे. वैद्याला धरता येईल, पण हातात शस्त्र घेतलं की वैद्याला जखमा बऱ्या करता येत नाहीत."

"म्हणजे आता कुणाच्याच जखमा बऱ्या व्हायच्या न्हाईत. चालंल. निन्या, पोतडी रिकामी कर आणि पुढं ये."

निनादनं पोतडी उलटी केली. पहिली कुपी प्रज्वलवर फोडली. अंधारात क्षणभर निळसर उजेड झाला आणि प्रज्वल शिव्या देत उठून बसला. दुसरी काकांवर, तिसरी केतकीवर, मग तो कुणावर फोडतोय हे न बघताच फोडत सुटला. अकराव्या कुपीला काका म्हणाले, "पुरे हो, तब्येत उतू चाललीय." मग त्यानं हातातली वैद्याची काठी टाकली, पांढऱ्या अंगरख्यातच दहा पावलं पुढे गेला आणि जमिनीवर पडलेला भाला उचलला. इतका पुढे तो कधी आलाच नव्हता. खेळात वास येत नाही, तरी इथे तमासुराचा वास येतो असं त्यानं शपथेवर सांगितलं असतं.

"आला," केतकी म्हणाली.

तिनं ढाल वर केली. पाऊण सेकंदानं घाव आदळला आणि तसाच उलटला. तमासुर हेलपाटला, निनादनं भाला खुपसला, काकांची वीज सातव्या अंकाला कोसळली.

"लागला?" निनादनं विचारलं.

"अंगठ्याच्या बुडाला. मुंगी चालल्यागत." तिचा श्वास जोरात चालला होता. "गप. परत येतोय. आला."

पुन्हा उलटला. आता ते जिंकू शकत होते, हे चौघांनाही एकदम कळलं. तेवढ्यात फोन खणाणला. लेप पातळ झाला आहे. प्रतिसाद देणारे बिंदू, सात. पुढे चालू ठेवायचं असल्यास परवानगीदारानं वीस सेकंदांत अंगठा द्यावा.

निनादनं भाला खाली ठेवला, मोजा काढला. अंगठा सवयीनं 'थांबवा'च्या चौकटीकडे गेला. सात. सात म्हणजे काहीच नाही यापेक्षा कितीतरी जास्त. सात बिंदूंवर तिला उद्या काहीतरी देता येईल, परवा देता येईल. त्याचं सगळं अंग त्याला थांबव म्हणून सांगत होतं.

"भाला का थांबला?" केतकीनं विचारलं. त्यानं कारण सांगितलं. "किती राहिलेत?"

"सात."

"दे अंगठा."

त्यानं दिला. मोजा घालून भाला उचलेपर्यंत एक घाव वाया गेला होता, कारण भाला न बसल्यानं हेलपाटलेला तमासुर मोकळा सुटला होता. प्रज्वलनं तीन बाण सोडून त्याला कसाबसा मागे रेटला. आणखी दोनदा केतकी "आला" म्हणाली, दोनदा निनादनं खुपसला. फोन पुन्हा खणाणला. चार.

या खेपेला निनादनं ना अंगठा दिला ना थांबवलं. त्यानं परवानगीदार बदलण्याचं पान काढलं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की अंगठा देता येत नसल्यास आवाजानं परवानगी चालेल. साडेतीन वर्षं ते तिथेच लिहिलेलं होतं आणि त्यानं एवढं खाली कधी वाचलं नव्हतं.

"ताई, तुझं पूर्ण नाव सांग. मोठ्यानं."

"आत्ता?"

"आत्ता. सात सेकंद राहिलेत."

"केतकी दत्तात्रय सातपुते."

"आणि हो म्हण."

"हो."

फोनवरचा आकडा नाहीसा झाला. निनादनं फोन पालथा टाकला, मोजा चढवला आणि भाला घेऊन तिच्या उजव्या खांद्याशी उभा राहिला.

त्यानंतर केतकी तीनदा "आला" म्हणाली. पहिल्या दोन वेळा लगेच. तिसऱ्या वेळेआधी बराच वेळ काहीच झालं नाही. तिच्या ओठांवरून चक्क घाम ओघळत होता. तिची ढाल अर्धी वर आली, खाली गेली, थरथरली. काका सहावर येऊन अडले होते, सातवा अंक तोंडात धरून. मग ती अगदी हळू, कुणाला तरी झोपेतून उठवावं तशी म्हणाली, "आला."

तमासुर स्वतःच्याच घावाखाली कोसळला आणि त्यानं गिळलेले दिवे एकेक करून परत लागले.

मग काका नाक शिंकरल्यासारखा आवाज करून म्हणाले, "केतकीबाई, मी आयुष्यात पुष्कळ वादळं बघितली, असं नाही."

"त्या पुण्यावाल्याला मी आजच नाही म्हणून सांगतो," प्रज्वल म्हणाला. "आपल्याला नाही लागत."

दोघं निरोप घेऊन गेले. दालनात केतकी आणि निनाद राहिले. खोलीत खालच्या मजल्यावरच्या यंत्रमागांचा खटखटाट पुन्हा ऐकू यायला लागला.

"ताई," तो म्हणाला.

"राग आलाय मला. उद्या पण असणाराय, परवा पण. तू माफी मागशील म्हणून काय लगेच जाणार न्हाई तो." ती थांबली. "आणि डॉक्टरीणबाईंची वेळ घे. मी बोलणार त्यांच्याशी. तू भाईर बसायचं."

"बरं."

"आता गप बस जरा."

दालनात तिनं तडकलेली कासवढाल खाली ठेवली. मग शिरस्त्राण काढलं, चिलखत काढलं, बाजूबंद, अभेद्य लोहमोजे. सहा कोट फोडून, कुणाकुणाशी झुंजून मिळवलेलं सगळं सामान तिनं एकेक करून फरशीवर टाकलं. तमासुराचा पेटारा आपोआप उघडला होता आणि आत खेळातली सगळ्यात भारी ढाल झळकत होती. तिनं तिकडे पाहिलंही नाही. साध्या सुती कपड्यांत ती दाराशी गेली. तिथे दगडी चौकटीवरून पाणी झिरपत होतं आणि शेवाळ धरलं होतं. ती उकिडवी बसली आणि उजव्या हाताचा अंगठा त्या ओल्या दगडावर ठेवून सावकाश फिरवायला लागली.

निनादनं फोन उलटा करून पाहिला. पडद्यावर एकच ओळ होती: ही माहिती फक्त केतकी सातपुते यांना मिळेल.

"किती उरलेत ताई?"

"नाही सांगणार."

त्यानं चष्मा काढून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. तिकडे भिंतीवरच्या पडद्यावर अंगठा दगडावरून शेवाळापर्यंत गेला, थांबला, पुन्हा मागे आला. इकडे खुर्चीत तिच्या भुवया किंचित वर गेल्या, मग तिनं ओठ दुमडून हसू दाबलं. तिला काही लागत होतं, की काहीच लागत नव्हतं, हे त्याला ओळखता येईना, आणि या वेळी त्यानं विचारलं नाही.